जॅकपॉटची वायर

स्लॉट मशीनच्या रांगेत, सगळ्यांच्या डोक्यांवर, एक भलीमोठी पाटी टांगलेली असते आणि तिच्यावरचा आकडा सतत वाढत असतो. वाढत्या आकड्यांचं आपल्याला एरवी कौतुक नसतं. गॅस सिलिंडर म्हणू नका, विजेचं बिल म्हणू नका, रक्तातली साखर म्हणू नका, कशाचाही आकडा वर गेला की कपाळावर आठी येते. या पाटीवरचा आकडा मात्र वर जाताना बघून माणसं हरखतात, आणि तो ज्यांच्या खिशातून वर जातो तीच माणसं हरखतात, हे विशेष. बटण दाबायचं, वीस-पंचवीस रुपये घालवायचे, मान वर करून बघायचं, आकडा पुढे सरकलेला दिसला की पुन्हा बटण दाबायचं. हे तासन् तास चालतं. माना दुखत असणार, पण तशी तक्रार कुणी केल्याचं ऐकिवात नाही.

मला या पाटीची गोडी लागली ती भाच्यामुळे. मुलगा सावंतवाडीचा, शिक्षण आयटीआय, आणि नोकरी पणजीला मांडवीत नांगर टाकून उभ्या असलेल्या एका कॅसिनोच्या बोटीवर. पद स्लॉट टेक्निशियन. आमची ताई शेजारीपाजारी 'मुलगा शिपिंगमध्ये आहे' असं सांगते. बोट फारशी जागची हलत नाही, हा तपशील ती गाळते. लग्नाच्या बाजारात शिपिंगला भाव आहे आणि कॅसिनोला नाही, हे तिचं म्हणणं मला खोडून काढता आलेलं नाही.

वास्तविक गोव्यात हे सगळं रीतसर कायद्यानं चालतं. तिथल्या 1976 सालच्या जुगारविषयक कायद्यात 1992 साली दुरुस्ती झाली आणि पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनला मुभा मिळाली. 1996 साली आणखी एक दुरुस्ती झाली आणि पत्त्यांची-रुलेटची टेबलं बोटींवर चढली. महाराष्ट्रही मागे नव्हता. आपल्या विधिमंडळानं त्याच 1976 साली कॅसिनोंवरचं नियंत्रण आणि कर यांचा स्वतंत्र कायदा केला. कायदा मंजूर झाला, छापून झाला. तो अमलात आणण्याची अधिसूचना तेवढी काढायची राहिली. ती 47 वर्षं राहिली. 2023 साली हा कधीच न वापरलेला कायदा रद्द करण्यात आला. भाच्याला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, "म्हंजे पॅनल बसवल्यानी आणि वायर जोडूक इसारले." राज्यकारभाराचं इतकं नेमकं निदान मी अग्रलेखांतही वाचलेलं नाही.

तर पाटी. ती दिसते रुबाबदार, पण तिला स्वतःची अक्कल नसते. जो आकडा मागून येईल तो ती दाखवते. खालच्या मशीनवर लागणाऱ्या प्रत्येक डावातला एक छोटासा हिस्सा, शंभर रुपयांत एखादा रुपया समजा, जॅकपॉटच्या हंड्यात पडतो. भिशीसारखंच हे, फक्त भिशीत प्रत्येकाची पाळी कधी ना कधी येते. हंड्याचा हिशेब ठेवायला रांगेच्या पोटात किंवा एखाद्या कपाटात एक डबा असतो, त्याला कंट्रोलर म्हणतात. प्रत्येक मशीनला एक क्रमांक दिलेला असतो, म्हणजे तिचा ॲड्रेस. कंट्रोलर ओळीनं एकेका क्रमांकाला हाक मारतो: किती खेळ झाला? ज्याला हाक मारली त्यानंच उत्तर द्यायचं, बाकीच्यांनी गप्प बसायचं. आलेली उत्तरं जोडून नवा आकडा तयार होतो, तो वर पाटीला जातो आणि खाली प्रत्येक मशीनलाही परत कळवला जातो. ही हजेरी अहोरात्र चालू असते.

हे सगळं बोलणं चालतं ते बऱ्याच ठिकाणी दोन बारीक तारांवरून, एकमेकींना पीळ घालून वळलेल्या. आरएस-485 नावाची ही पद्धत कारखान्यांतही वापरतात. एका जोडीवर 32 यंत्रं लावता येतात आणि तारेची लांबी 1200 मीटरपर्यंत चालते. आता नव्या मशीनमध्ये इंटरनेटला लागते तसली केबल येते, कुठे काचेच्या तंतूची फायबर असते, पण भाच्याच्या बोटीवरच्या जुन्या रांगा अजून या दोन तारांवर आहेत. वर कोटीतला आकडा, खाली ज्याला ग्राहकाचा बूटही लागू शकतो असं दोन तारांचं वेटोळं. कॅसिनोचं झगमगाटी आतलं छत, गालिचे, गायिका, फुकटची पेयं यांपैकी कशाचीही मला भूल पडत नाही. या दोन तारांची पडते.

पूर्वी हे नव्हतं. 1890च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत चार्ल्स फे नावाच्या मूळच्या जर्मन कारागिरानं 'लिबर्टी बेल' हे तीन चाकांचं यंत्र बनवलं. त्यात स्प्रिंगा होत्या, दातेरी चाकं होती, एक दांडा होता. तार नव्हती. तीन घंटा ओळीत आल्या की सर्वांत मोठं बक्षीस मिळायचं, ते 50 सेंट. एवढ्या रकमेला पाटी कोण लावणार? 1960च्या दशकात मशीनमध्ये वीज शिरली, आणि 1986 साली नेवाडा राज्यात 'मेगाबक्स' सुरू झालं. यात निरनिराळ्या कॅसिनोंतली मशीन टेलिफोनच्या तारांनी एकाच हंड्याला जोडली. 2003च्या मार्चमध्ये लास व्हेगासच्या एक्सकॅलिबर हॉटेलात लॉस एंजेलिसच्या एका पंचविशीतल्या सॉफ्टवेअर इंजिनीअरनं बटण दाबलं आणि त्याला 3,97,13,982 डॉलर 25 सेंट लागले. स्लॉट मशीनवरचा हा आजही सर्वांत मोठा जॅकपॉट मानला जातो. सॉफ्टवेअरवाल्यांना आधीच पगार काय कमी असतात, असं त्या वेळी हार्डवेअरवाल्यांच्या मनात आलं असणार.

आता मुख्य विषय, म्हणजे बिघाड.

मशीनच्या रांगेला तिथे बँक म्हणतात. पैसे भरले जातात आणि परत मिळतीलच असं नाही, एवढ्यावरून दिलेलं नाव चुकीचं म्हणता येणार नाही. रात्री अकराच्या सुमाराला, म्हणजे बोट ऐन भरात असताना, भाच्याच्या वॉकीटॉकीवर निरोप येतो: अमुक नंबर बँक, लिंक डाऊन. तो पोचेपर्यंत तिथे वैद्यमंडळ जमलेलं असतं. फ्लोअर मॅनेजरच्या मते सॉफ्टवेअर गेलंय. अटेंडंटच्या मते कंट्रोलर तापलाय. फोनवर असलेला मशीन कंपनीचा माणूस व्हर्जन कुठलं असं विचारत असतो. समोर बसलेल्या ग्राहकाचं निदान ठरलेलं असतं: जॅकपॉट आता माझ्यावर लागायला आला होता म्हणून यांनी मुद्दाम बंद पाडलं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. भाचा कुणाशी वाद घालत नाही. तो खाली बसतो आणि मशीनच्या बुडाचं झाकण उघडतो.

"मामा, वायर खोटा बोलणा नाय. जोड बोलता," हा त्याचा सिद्धांत. तार मधूनच तुटलेली क्वचित सापडते. बिघाड असतो तो जिथे तार कशाला तरी येऊन मिळते तिथे. गणपतीला घरी आला होता तेव्हा त्यानं खिशातून रुमालात बांधलेला एक कनेक्टर काढून मला दाखवला. पांढऱ्या प्लॅस्टिकचा तुकडा, अंगठ्याच्या नखाएवढा. त्यात एका ओळीत पिना. मी चष्मा लावून, चष्मा काढून, उजेडाकडे धरून बघितला. मला काही दिसेना. मग त्यानं ताईच्या शिवणाच्या डब्यातली सुई घेतली आणि तिसऱ्या पिनेला नुसतं टोक लावलं. पिन केसभर मागे सरकली. म्हणजे कनेक्टर घट्ट बसलेला, खटका लागल्याचा आवाज आलेला, वर ओढून बघितला तरी निघत नाही, आणि आतली ती एक पिन समोरच्या पिनेला टेकलेलीच नाही. बोट जराशी हलली की टेकते, पुन्हा हलली की सुटते. बाकीच्या पिनांवर हिरवट कळंक चढायला लागला होता. मांडवीच्या मुखाशी खारी हवा. तांब्या-पितळेला ती सोडत नाही. ताईनं तो तुकडा बघितला आणि विचारलं, "एवढ्यासाठी गणपतीच्या दिवशी फोन येतात तुला?"

एवढ्यासाठीच येतात. या तुकड्यापायी सोळा मशीनची रांग दीड तास बंद होती.

शोधायची त्याची पद्धत मला फार आवडली, कारण तिच्यात घाई नाही. पहिला नियम त्याच्या वरिष्ठानं शिकवलेला: "आधी हात लाव नको, आधी बघ." बोर्डावर दोन बारीक दिवे असतात, एक पाठवण्याचा, एक घेण्याचा. पाठवण्याचा लुकलुकतोय आणि घेण्याचा मेलेला आहे, म्हणजे कंट्रोलर हाका मारतोय आणि पलीकडून ओ येत नाही. दोन्ही लुकलुकतायत आणि तरी लिंक डाऊन, म्हणजे ओ येतेय पण समजत नाही. मग तो रांग मधोमध तोडतो. सोळा मशीन असतील तर आठव्या-नवव्याच्या मधला जोड काढायचा आणि अलीकडची आठ चालतात का बघायचं. चालली, तर चोर पलीकडच्या आठांत. त्यांचे पुन्हा दोन भाग. असं चार वेळा केलं की एक मशीन उरते. ज्याला संशय सगळ्यांवर सारखा घेता येतो त्यालाच हे जमतं. आपल्याकडे चौकशी समित्या पहिल्यापासून एकाच नावावर बसतात.

तरीही सापडलं नाही तर मल्टिमीटर. या दोन तारांच्या दोन्ही टोकांना 120 ओमचा एकेक रोध लावायचा असतो. टोक मोकळं ठेवलं तर संदेश तिथे आपटून परत फिरतो आणि मागून येणाऱ्या संदेशात मिसळतो. रोध त्याला टोकाशीच जिरवतो. सगळं बंद करून दोन तारांमध्ये मोजलं की मीटरवर 60 ओमच्या आसपास आलं पाहिजे, कारण 120चे दोन रोध शेजारी-शेजारी. 120 आले, तर एका टोकाचा रोध गेलाय किंवा वाटेत तार तुटलीय. 40 आले, तर कुणीतरी अतिउत्साहानं मधेच तिसरा लावून ठेवलाय. पत्रिकेतल्या मंगळापेक्षा हे वाचन मला जास्त भरवशाचं वाटलं. भाचा म्हणतो, 60 दिसले की अर्धी झोप आलीच.

उरलेल्या अर्ध्या झोपेचं खोबरं करणारे बिघाड वेगळे. एक म्हणजे एकाच नावाची दोन माणसं. दुसऱ्या रांगेतली मशीन उचलून या रांगेत आणतात, तिचा जुना क्रमांक बदलायचं राहतं, आणि मग कंट्रोलरनं सात नंबरला हाक मारली की दोन सात नंबर एकदम बोलतात. दोघींच्या बोलण्याचा जो काला होतो त्यातून कंट्रोलरला काहीच कळत नाही. दोन्ही मशीन वेगवेगळी तपासली तर दोन्ही निर्दोष. दुसरा बिघाड शेजाराचा. संदेशाची तार विजेच्या केबलला बांधून नेली की दिव्यांच्या पुरवठ्यातला गोंगाट तिच्यात शिरतो. दिवसा सगळं ठीक, संध्याकाळी रोषणाई लागली की लिंक डाऊन. तिसरा, मशीन सरकवताना तिच्याच पायाखाली तार चेपली जाणं. कॅसिनोवाल्यांना रांगा इकडच्या तिकडे करायची हौस दांडगी, आणि सामान सरकवणाऱ्याचं लक्ष नेहमी वर असतं.

सगळ्यात छळवादी बिघाड येऊन-जाऊन असणारा. एका कोपऱ्यातल्या मशीनचा संपर्क दर शनिवारी रात्री तुटायचा आणि टेक्निशियन येऊन बसला की जुळायचा. तार बदलून झाली, बोर्ड बदलून झाला. शेवटी भाचा काही न करता लांब उभा राहून नुसता बघत राहिला. त्या मशीनवर दर शनिवारी एक उंचापुरे गृहस्थ बसत. हरायला लागले की ते पाय पुढे ताणत, आणि त्यांच्या बुटाचं टोक बरोबर बुडाच्या पत्र्यावर, पत्र्यामागच्या जोडावर टेके. टेक्निशियन आला की ते अदबीनं पाय मागे घेत. जोड चार इंच वर सरकवल्यावर बिघाड गेला. गृहस्थ अजून येतात.

आता या धंद्यातली मला मनापासून पटलेली गोष्ट सांगतो. कॅसिनोत पटण्यासारखं फार नसतं, म्हणून जरा ठळक सांगतो. जॅकपॉटला जोडलेल्या मशीनचा कंट्रोलरशी संपर्क तुटला, काही सेकंद नवा आकडा तिला कळला नाही, तर ती 'लिंक डाऊन' असं लिहून खेळच बंद करते. डाव लावून घेत नाही. हंड्यात पैसे पडतायत की नाही याची खात्री नसताना हंड्याच्या नावावर पैसे घ्यायचे नाहीत, असा हा हिशेब, आणि नियम करणाऱ्यांनी तो बहुतेक ठिकाणी लिहून ठेवला आहे. "मशीनाक काय्येक झाला नाय," भाचा चिडलेल्या ग्राहकांना समजावतो, "तेच्याशी कोण बोलणा नाय, म्हणान ता गप." जुगाराचं यंत्र एवढं सोवळं पाळतं. आपल्या रोजच्या कचेऱ्यांत सर्व्हर डाऊन असला की पैसे काढणं बंद पडतं. भरणं बंद पडल्याचा अनुभव मला नाही.

पाटीचं मात्र उलटं. पाटीची तार सुटली आणि पाटी काळी झाली, तर बरं, सगळ्यांना कळतं. खरी पंचाईत होते ती पाटी शेवटचा आकडा धरून गोठते तेव्हा. खाली खेळ चालू, हंडा भरतोय, मशीनच्या छोट्या पडद्यांवर खरा आकडा पुढे सरकतोय, आणि वरची पाटी मात्र मागचाच आकडा तितक्याच झगमगाटात दाखवतेय. नेवाडाच्या नियमांत म्हणूनच दोन गोष्टी आहेत. पाटीवर चढलेला आकडा मालकाला मनाला येईल तेव्हा उतरवता येत नाही, आणि तो आकडा रोज निदान एकदा नोंदवून ठेवावा लागतो. एवढ्या विजेच्या, तारांच्या, संगणकांच्या कारभारात शेवटी एक माणूस आकडा नोंदवून घेतो, हे वाचून मला आमच्या जुन्या पोस्टमास्तरांची आठवण झाली. तेही पेटी कुलूपबंद करण्याआधी पुन्हा एकदा मोजत.

तार काय करू शकते याचा अस्सल नमुना 2022 सालचा आहे. 8 जानेवारीला लास व्हेगासच्या ट्रेझर आयलंड कॅसिनोत ॲरिझोनाहून आलेला एक पर्यटक खेळला. त्याला 2,29,368 डॉलर 52 सेंटांचा जॅकपॉट लागला. पण मशीनच्या संपर्कयंत्रणेत त्या क्षणी बिघाड झाला आणि ही बातमी त्यालाही कळली नाही, कॅसिनोलाही कळली नाही. तो उठला आणि घरी गेला. कॅसिनोच्या लक्षात आलं तेव्हा तो कोण, कुठला, कुणालाच ठाऊक नव्हतं. मग तिथल्या जुगार नियंत्रण मंडळानं निरनिराळ्या कॅसिनोंतल्या कॅमेऱ्यांची तासन् तासांची चित्रं तपासली, साक्षीदारांना विचारलं, खरेदीच्या नोंदी चाळल्या, भाड्याच्या मोटारींच्या फेऱ्यांची माहिती मागवली, आणि महिना संपायच्या आत त्याला ॲरिझोनात गाठून पैसे घ्यायला ये म्हणून सांगितलं. आपल्याला शोधत सरकारी माणसं आली म्हटल्यावर त्या बिचाऱ्याचं काय झालं असेल! एखादं सरकारी खातं आपल्याला देण्यासाठी आपल्याला शोधतं, हे वाक्य मी दोनदा वाचलं.

तारेवरून कधी बातमी येत नाही, तशी कधी भलतीच येते. 2011 साली आयोवा राज्यात 'मिस किटी' नावाच्या मशीनवर खेळणाऱ्या एका आजीबाईंना पडद्यावर संदेश आला की तुम्हाला 4,17,97,550 डॉलर 16 सेंटांचा बोनस लागला आहे. प्रत्यक्षात त्यांनी जिंकले होते 1 डॉलर 85 सेंट. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 2015 साली न्यायालयानं सांगितलं की त्या खेळाच्या नियमांत असा बोनसच नाही, तेव्हा 1 डॉलर 85 सेंटच खरे. 2016 साली न्यूयॉर्कमध्ये एका बाईंच्या मशीनवर 4,29,49,672 डॉलर 76 सेंट झळकले. त्यांना देऊ केलं ते 2 डॉलर 25 सेंट आणि स्टेकचं एक जेवण. हा आकडा मी भाच्याला वाचून दाखवला तसा तो जागचा उठला. संगणकाच्या 32 घरांच्या मोजणीत एकूण आकडे मावतात 2 चा 32 वा घात, म्हणजे 4,29,49,67,296. हे सेंट धरा: 4,29,49,672 डॉलर 96 सेंट. बाईंच्या पडद्यावरचा आकडा याहून नेमका 20 सेंटांनी कमी. त्याचा अंदाज असा की शून्यातून 20 सेंट वजा करायची वेळ आली असणार आणि मोजणी शून्याच्या खाली जाण्याऐवजी उलटी फिरून माथ्यावर जाऊन बसली असणार. मशीनच्या अंगावर बारीक अक्षरांत एक ओळ असते: बिघाड झाल्यास सर्व डाव आणि सर्व देणी रद्द. ती ओळ वाचायला कुणी कॅसिनोत जात नाही.

अशा गोष्टींमुळे टेक्निशियनविषयी लोकांच्या मनात भलभलत्या समजुती. हा झाकण उघडतो म्हणजे मशीन 'सेट' करतो, असं अर्ध्या ग्राहकांना वाटतं. त्यानं झाकण लावलं की काहीजण त्या खुर्चीकडे धावतात, काहीजण तिथून उठतात. दोन्ही गटांचा आपापल्या शास्त्रावर गाढ विश्वास. वास्तविक जोडलेल्या बहुतेक जॅकपॉटमध्ये तारेवरून येतो तो फक्त आकडा. कौल मशीनच्या आतच लागतो. तिथे यादृच्छिक अंक काढणारी यंत्रणा कुणी खेळत नसतानाही अखंड अंक काढत असते आणि तुम्ही बटण दाबता त्या क्षणाचा अंक घेते. फक्त 'मिस्टरी' जातीच्या जॅकपॉटमध्ये कंट्रोलर आधीच एक गुप्त रक्कम मनाशी ठरवून ठेवतो आणि हंडा जिच्या डावानं त्या रकमेला टेकतो ती मशीन जिंकते. दोन्हींत टेक्निशियनच्या हाती काही नाही. त्याच्या हाती आहे तो मल्टिमीटर, आणि नशिबावर विश्वास ठेवायची त्या सबंध बोटीवर एकट्या त्यालाच बंदी आहे. 'आपोआप सुरू झालं' असं त्यानं नोंदवहीत लिहिलं, तर वरिष्ठ विचारतो, "आपोआप म्हणजे कुणी केलं?"

तेव्हा गोव्याला गेलात आणि पाहुण्यांच्या आग्रहाखातर अशा बोटीवर चढलात, तर एक विनंती आहे. समोरच्या मशीननं 'लिंक डाऊन' लिहिलं तर तिच्यावर थापा मारू नका, बुडाच्या पत्र्याला पाय लावू नका आणि तुमचा जॅकपॉट कुणी चोरला असा आरडाओरडा करू नका. मशीनमध्ये शिल्लक असलेली रक्कम लक्षात ठेवा, अटेंडंटला बोलावायचं बटण दाबा आणि बसून राहा. पंधरा-वीस मिनिटं लागतील, आणि तेवढ्या वेळात तुमचे जेवढे पैसे वाचतील तेवढे त्या बोटीवर दुसऱ्या कुठल्याही मार्गानं वाचणार नाहीत.